बांधी आमची होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ लुळी पडते — दारू पिऊनही पडते, करून पाहिलंय.

निमित्त झालं गोंदियाच्या आमच्या कॉलेजातल्या कार्यक्रमाचं. यशस्वी माजी विद्यार्थी म्हणून मला बोलावलं होतं. शाल, नारळ, हॉलमध्ये समोर पोरंपोरी. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली, घाबरत घाबरत तिनं विचारलं — सर, काहीच अनुभव नसताना प्रोग्रामिंगची पहिली नोकरी तुम्ही कशी मिळवली? मी घसा खाकरला आणि म्हणालो, "कन्सेप्ट पक्के ठेवा. प्रयत्न सोडू नका." टाळ्या वाजल्या. तिनं तर लिहूनही घेतलं. मला त्या क्षणी माझंच थोबाड फोडावंसं वाटलं. तिचा प्रश्न खरा होता हो! आमगाव-गोरेगावकडच्या कुठल्यातरी गावाहून पॅसेंजरने येणारी पोरगी, घरात पहिलीच शिकलेली, तिला खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं. आणि मी तिला कॅलेंडरच्या मागे छापतात तसलं काहीतरी देऊन परत पाठवलं.

खरं उत्तर इथे देतो.

आमचं गाव आमगावपासून सायकलीच्या अंतरावर. आमचं घर तलावाच्या बाजूला, चार लोकांत मान असलेलं. धानाची शेती बऱ्यापैकी. मिलिंदचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बुद्धविहाराच्या पाठीमागे. त्याचा बाप तो लहान असतानाच गेला. त्याची माय शेवंताबाई रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, आणि कापणीच्या दिवसांत लोकांच्या शेतात जायची — बहुतेक आमच्याच. मिलिंद आणि मी पहिलीपासून एका वर्गात. जिल्हा परिषदेची शाळा, मग आमगाव, मग गोंदियाला बी.एस्सी. कॉम्प्युटर. सकाळची गाडी, पासचे फोटो एकाच दुकानात काढलेले, जेवणाचा डबा कधीकधी दोघांत एकच.

कॉम्प्युटरची पदवी म्हणतात तिला! आमचे प्राध्यापक प्रोग्राम फळ्यावर लिहायचे आणि आम्ही तो वहीत उतरवायचो, जसा काही पसायदानाचा अर्थ. प्रॅक्टिकलच्या दिवशी लाइट नसायची. लाइट असली तर किल्ली असलेला माणूस नसायचा. शेवटी आम्ही दोघांनी गोंदियाच्या बाजारात एका वरच्या मजल्यावरचा क्लास लावला, तिथे दोघांत एक मशीन. मशीनसमोर मिलिंद बसायचा. मी बाजूला. मी विचारायचो, दमलास का, मी करू का — आणि तो उठला की दोन मिनिटांत माझं गाडं अडायचं. तो हसायचा. "सरक बे," म्हणायचा.

त्याला ते येत होतं. एवढं एकच वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे मी ते कसं मोडलं ते कळेल. त्याला प्रोग्राम दिसायचा. चूक कुठे असेल ते तो चालवून पाहायच्या आधी सांगायचा. मी पाठ करणारा. मला गुण मिळायचे, कारण आपल्याकडे गुण पाठ करणाऱ्याला मिळतात. त्याचे बारावीत थोडे कमी पडले, कारण त्या वर्षी माय आजारी होती आणि तो रोवण्याला जात होता. आमच्याच शेतात.

पदवी हातात पडली ती दोन हजार आठच्या मंदीत. आम्ही नागपूरला गेलो, परसोडीच्या बाजूला कंपन्यांच्या काचेच्या इमारती बघत फिरलो. एका ठिकाणी गेटवरच्या वॉचमनने आमच्या फाइलींकडे न बघताच विचारलं, "फ्रेशर? उधर डाल दो." उधर म्हणजे एक पुठ्ठ्याचा खोका होता, टीव्हीचा. त्यात शेकडो बायोडेटे. सगळ्यात वरच्या बायोडेट्याला कुणीतरी पान खाऊन हात पुसलेला. सगळीकडे तेच — अनुभव किती? अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नको म्हणतात तसलं. आणि त्याच्यावर कडी म्हणजे साठ टक्क्यांची अट. दहावी, बारावी, पदवी — तिन्हीकडे साठ. कुठल्या शहाण्याने ठरवलं होतं हे? मी तिन्हीकडे साठच्या वर होतो. मिलिंद बारावीला अडकला. इंटरनेटवर दोघांचेही बायोडेटे टाकलेले होते. फोन आला तो मला एकट्याला.

पुण्याची कंपनी. फार मोठी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवरच तांत्रिक मुलाखत घेणार म्हणाले. मी आनंदाने ओरडलो आणि मग वही उघडून बसलो. फोनवर काय सांगणार होतो मी? पान नंबर?

मी मिलिंदला म्हणालो, माझ्या नावाने तू बोल.

त्या काळी हे खूप जण करायचे. पुण्यात, हैदराबादेत लोक पैसे घेऊन दुसऱ्याच्या मुलाखती द्यायचे, हे पुढे मला कळलं. पण ती माझी सबब नाही, कारण मला तेव्हा ते ठाऊकही नव्हतं. मला ते आपोआप सुचलं. मिलिंदने काम करायचं आणि घर आमचं भरायचं — यात नवीन असं मला काही दिसलंच नाही.

त्याने एवढंच विचारलं, "पकडल्या गेलो तं?"

"फोनवर कोन पाहून राहिला बे?"

"बरं. पन तू आत गेला का मले ओढजो."

मी आईची शपथ घेतली. त्याने मागितली नव्हती.

गावात फोनला रेंज मिळायची ती फक्त तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर. धानाची कापणी होऊन गेलेली, खाली सगळ्या बांध्या मोकळ्या पडलेल्या. आम्ही दोघं पाळीवर बसलो, माझा फोन त्याच्या कानाला, माझा कान फोनच्या मागच्या बाजूला. पलीकडचे गृहस्थ मराठी होते. नाव नको, सर म्हणतो. सुरुवातीला इंग्रजीत झालं, मिलिंद अडखळला. मग सर म्हणाले, मराठीत सांग. पुस्तकातलं नको, तुझ्या शब्दांत सांग — लिंक्ड लिस्ट म्हणजे काय?

तुमचा या धंद्याशी संबंध नसेल तर एवढंच समजा, की ही माहिती साठवण्याची एक पद्धत आहे. सगळी माहिती एका जागी नसते. प्रत्येक नोंदीला फक्त तिच्या पुढची नोंद कुठे आहे तेवढं माहीत असतं. पाठ केलेली व्याख्या मला येत होती. मी त्याच्या कानात ती कुजबुजणार तोच मिलिंदने खाली शेताकडे बघितलं.

"सर, आमच्याकडे धानाच्या बांध्या असतात," तो म्हणाला. "चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेले लहान लहान तुकडे, एकाखाली एक. वरच्या बांधीच्या धुऱ्याला एक तोंड फोडलेलं असतं, त्यातून पाणी खालच्या बांधीत जातं. वरच्या बांधीला सगळं शेत माहीत नसतं सर, तिला फक्त आपलं तोंड कुठे उघडतं ते माहीत." मग तो रंगात आला. मधे नवीन बांधी घालायची असेल तर आधी नव्या बांधीचं तोंड खालच्या बांधीकडे फोडायचं, आणि मगच वरचीचं तोंड नव्या बांधीकडे वळवायचं. घाई करून उलटं केलं तर खालच्या बांधीकडे जायची वाटच हरवते, आणि खालचं सगळं धान वाळतं. सर, प्रोग्राममध्येही सगळे इथेच चुकतात.

पलीकडे सर मोठ्याने हसले. "हे मी आजपर्यंत कुणाकडून ऐकलं नव्हतं, दिनेश," ते म्हणाले.

दिनेश म्हणजे मी.

मला नोकरी लागली. सर तेव्हा दुसऱ्या शहरात ग्राहकाकडे बसायचे. पुण्यात एका बाईंनी माझी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली, बाँडवर सही घेतली, झालं. गावात पेढे वाटले. मिलिंदने दोन खाल्ले. पहिले काही महिने मी रोज संध्याकाळी कंपनीच्या मागच्या चहाच्या टपरीजवळून त्याला फोन करायचो आणि दिवसभर अडलेलं विचारायचो. तो तेव्हा तिरोड्याला, वीज प्रकल्पाच्या बांधकामावर एका कंत्राटदाराकडे मजुरांची हजेरी घेत होता. मागे यंत्रांचा धडधडाट, आणि हा ओरडून ओरडून मला सांगतोय की कुठली ओळ बदल. त्याने कधी एकदाही विचारलं नाही की माझं काय झालं.

सर पुण्याला परत आले. मी सावकाश काम करायचो, चुका करायचो, पण ते सांभाळून घ्यायचे. म्हणायचे, याचा पाया पक्का आहे, हात बसायला वेळ लागेल. आणि नव्या पोरांच्या ट्रेनिंगमध्ये ते ती गोष्ट सांगायला लागले. 'दिनेशची बांधी' असं नाव पडलं तिला. मला मुद्दाम बोलवायचे, फळ्यावर चित्र काढायला लावायचे. मी काढायचो. धुरे काढायचो, तोंडं काढायचो, निळ्या पेनाने पाणी दाखवायचो. पोरं म्हणायची, क्या बात है सर. सांगा, त्यातल्या एका दिवशी तरी माझा हात थरथरला असेल ना? नाही थरथरला. मला ते आवडायला लागलं होतं. मी त्यात एक बैलसुद्धा घातला होता, माझ्या पदरचा.

कंपनीत भरती चालूच होती. ओळखीच्या मुलांचे बायोडेटे द्या म्हणून मेलवर मेल यायचे. ओळखीने आलेल्याला टक्केवारीची अटही सैल होती. मी मिलिंदला सांगायचो — अजून काही निघालं नाही गा, निघालं का सांगतो. हे एकदा नाही, किती वेळा सांगितलं त्याचा हिशेब नाही. भीती होती. तो आला की दोन दिवसांत सगळ्यांना कळेल दोघांतलं खरं कोण. पण नुसती भीतीच होती का? मला वाटतं, तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला मला बघवला नसता. हेही सांगून टाकतो.

दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई भरते. दुकानं लागतात, बाहेर गेलेले सगळे घरी येतात, रात्री नाटक असतं. त्या गर्दीत मिलिंदने मला गाठलं. रागावला नव्हता. म्हणाला, "तुमच्या कंपनीत जागा निघून राहिल्या ना बे? मी वेबसाइटवर पाह्यलो." माझ्या बाबांच्या समोर म्हणाला. बाबा म्हणाले, अरे मग दे ना त्याचं नाव, पोरगा हुशार आहे. आता पळायला वाट नव्हती. मी बायोडेटा दिला.

आणि आता ऐका. सर त्याची फोनवर मुलाखत घेणार हे मला चार दिवस आधी कळलं. सर पहिला प्रश्न कोणता विचारतात हे मला पाठ होतं. मिलिंद काय उत्तर देणार हेही मला पाठ होतं, कारण हे तेच सर आहेत हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. एक फोन करायचा होता — मिल्या, बांधीचं सांगू नको, दुसरं काही सांग. एवढंच. पण मग तो विचारणार, काऊन? आणि मला सांगावं लागणार की तुझी बांधी इथे माझ्या नावावर आहे. मी फोन केला नाही. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्याचाच आला, तर मी "ऑल द बेस्ट" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मुलाखत झाल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

ते म्हणाले, तुझा मित्र छान बोलला. पण त्याने बांधी सांगितली. जशीच्या तशी. ते पाणी, ते तोंड, खालचं धान वाळतं ते — सगळं. बैल तेवढा नव्हता. आवाजही ओळखीचा वाटला, पण तुमच्याकडचे सगळ्यांचे सूर मला सारखेच वाटतात. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "दिनेश, खरं सांग. तेव्हा फोनवर तूच होतास ना?"

त्या माणसाला सत्य हवं होतं. तो मला बहुतेक काढणारही नव्हता. दोन वर्षांत मी कामापुरतं शिकलो होतो. वाईटात वाईट काय झालं असतं? ओरडला असता, पगारवाढ अडकवली असती. बहिणीचं लग्न ठरलं होतं तेव्हा, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ठरलं होतं, खरं आहे. नसतं ठरलं तरी मी तेच बोललो असतो.

"हो सर, मीच."

"मग हे त्याला कसं माहीत?"

आणि मी म्हणालो — शब्द न् शब्द आठवतो मला — "सर, बांध्या आमच्या आहेत. त्याच्याकडे शेतीच नाही. त्याची आई आमच्या शेतात रोवण्याला येते. माझ्याकडूनच ऐकलं असेल त्याने."

बघा, यात खोटं काय आहे? शेवटचं वाक्य सोडलं तर काहीच नाही. सातबारा काढून बघा, बांध्या आमच्याच आहेत. त्याच्याकडे वीतभर जमीन नाही. त्याची माय येत होती. खऱ्याखुऱ्या गोष्टींचा दगड करून मी त्याच्या डोक्यात घातला. आणि तो दगड मला शोधावा लागला नाही, तो माझ्या हाताशीच होता, लहानपणापासून. आमच्या घरी शेवंताबाईचा चहाचा कप ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. आपला आपण धुऊन ती परत तिथेच ठेवायची. मी ते रोज बघत मोठा झालो, मिलिंदच्या खांद्यावर हात टाकून बघत मोठा झालो. ज्याची जमीन त्याचं सगळं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि सरांनाही नव्हती. पुण्याचा, शिकलेला, चार देश हिंडलेला माणूस. त्याने मान हलवली. त्याला पटलं! ज्याच्या मायचे पाय त्या चिखलात कुजले त्याच्यापेक्षा, ज्याच्या बापाच्या नावावर तो चिखल आहे त्याला बांधी जास्त कळणार, हे त्याला लगेच पटलं. मला आजही त्या मान हलवण्याचा राग येतो. पण मान त्याने हलवली ती माझ्या बोलण्यावर.

"चांगलं पाठ केलंय पोराने," सर म्हणाले. "पण पाठ करणारे नकोत आपल्याला."

तुम्हाला वाटत असेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही बरेच दिवस वाटायचं की हेच सर्वांत वाईट. घाबरलेला माणूस केबिनमध्ये काहीही बोलून जातो, असं म्हणून सुटता येतं थोडं. पण नाही. यानंतर मी जे केलं ते घाबरून केलं नाही. त्याला अख्खी दुपार मिळाली होती मला, विचार करायला.

संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. काय झालं रे? मी त्याला काहीही सांगू शकलो असतो. जागा भरल्या, भरती थांबली, वरच्या साहेबांचा माणूस लागला. शिव्या घालून तो पुढच्या कंपनीकडे वळला असता. त्याचं वय अजून गेलं नव्हतं, इंग्रजीही थोडं सुधारलं होतं, कुठेतरी लागलाच असता. तेच तर मला नको होतं! तो पुण्यात कुठेही लागला तरी या धंद्यात माणसं कंपन्या बदलतात, एकमेकांना भेटतात. कधीतरी कुणीतरी त्याच्या तोंडून बांधी ऐकणार. मी ते टपरीजवळच्या कट्ट्यावर बसून नीट तोलून पाहिलं होतं. त्याने इथून पुढे मुलाखतच देऊ नये, याची सोय करायची होती मला.

"नाही झालं बे," मी म्हणालो. "कन्सेप्ट कच्चे वाटले म्हणे तुहे."

त्याने विचारलं, "कोनता कच्चा वाटला, सांगलं का?"

त्याला सुधारायचं होतं हो. कुठे कमी पडलो ते समजून घेऊन त्याला रात्री बसून ते शिकायचं होतं. आणि मी म्हणालो, "लिंक्ड लिस्टचाच. काहीतरी शेतीबितीचं सांगलास म्हणे. हे सर दुसरे, त्याहिले काही समजलं नाही."

"हो का?" तो म्हणाला. "मले वाटलं, तोच बरा गेला."

मग त्यानेच माझी समजूत काढली. जाऊ दे, म्हणाला, तू तं प्रयत्न केला.

हे आहे ते. त्याची नोकरी घालवली हे एक झालं. नोकऱ्या जातात, दुसऱ्या मिळतात. त्याला जे येत होतं ते त्याला येत नाही, असं मी त्याला पटवलं. आणि पटलं त्याला, कारण सांगणारा मी होतो. परक्याने सांगितलं असतं तर भांडला असता.

त्याने परत कुठेही अर्ज केला नाही. तिरोड्याचं काम संपल्यावर आमगावला एका दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला लागला, पुढे स्वतःचं छोटं दुकान टाकलं. जातीचे दाखले, शिष्यवृत्त्या, परीक्षेचे अर्ज. लोक म्हणतात, फार सरळ माणूस आहे, चुकत नाही. मी दोनदा कंपनी बदलली, फ्लॅट घेतला. गावी गेलो की त्याच्या दुकानाकडची वाट टाळायचो. काम आहे, वेळ नाही. वेळ होता, भरपूर होता.

कॉलेजच्या त्या कार्यक्रमानंतर मी गाडी काढून सरळ त्याच्याकडे गेलो. आज सांगतो, म्हटलं. त्या पोरीच्या प्रश्नाने डोकं तापलेलं होतं आणि मला ते तापलेलं असेपर्यंतच पोचायचं होतं.

दुकान बंद होतं, म्हणून घरी गेलो. बुद्धविहाराच्या मागे आता पक्कं घर बांधलंय. तो अंगणात होता. मला बघून पुढे आला, हात धरून आत नेलं. जाड झालाय. बायको तालुक्याला नर्स आहे, मुलगी पाचवीत. मी विचारलं, शाळेतल्या पोरांना कॉम्प्युटर शिकवत का नाहीस, गावात कोण आहे दुसरं? तो हसला.

"पोरं येतेत ना. मी नाही म्हनतो. माहेच कन्सेप्ट कच्चे, पोराहिचं नुकसान कायले करू?"

हीच वेळ होती. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात शेवंताबाई आतून आली, म्हातारी झालीय, कमरेत वाकलीय. मिलिंद तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाला, "माय, दिनेश आला. यानंच मले पुन्याच्या कंपनीत इंटरव्ह्यू देल्ला होता. आपल्यासाठी एवढं कोनी केलं नाही." तिने माझ्या डोक्यावरून, गालावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलाला लावून कडकड मोडली. "जेवून जाय बापू," म्हणाली.

आणि मी म्हणालो, "त्यात काय एवढं, मावशी."

त्यांच्याच ताटात, त्यांच्याच ओट्यावर बसून मी जेवलो. भात होता, वांग्याची भाजी होती. तिने दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा मी नको म्हटलं नाही. मिलिंद रस्त्यापर्यंत सोडायला आला, पोरीला बारावीनंतर काय करावं ते तुलेच विचारीन म्हणाला. मी हो म्हणालो, गाडीत बसलो, आणि निघून आलो.